अमेरिकेतल्या घराचा एअर फिल्टर: आधी माप, मग हवेची वाट, शेवटी आकडा

भारतातून अमेरिकेत येऊन पहिलं घर घेताना आपण शाळा बघतो, छप्पर किती वर्षांचं आहे ते विचारतो, बेसमेंटमध्ये ओल आहे का ते पायऱ्या उतरून तपासतो. घरभर गरम आणि गार हवा फिरवणाऱ्या यंत्रणेत एक चौकोनी फिल्टर असतो आणि तो दर काही महिन्यांनी बदलावा लागतो, हे मात्र अनेकांना पहिला हिवाळा निम्मा सरल्यावर कळतं. तोवर तो फिल्टर राखाडी गोधडीसारखा झालेला असतो.

हे आधी माहीत नसणं स्वाभाविक आहे. पुण्या-नाशिकच्या घरात खिडक्या उघड्या असतात, हवा येते-जाते, आणि स्प्लिट एसी असला तर त्याची प्लॅस्टिकची जाळी नळाखाली धुतली की काम झालं. इथे एकच मोठा पंखा सगळ्या खोल्यांतली हवा ओढून घेतो, तापवतो किंवा गार करतो आणि पाइपांतून परत खोल्यांत सोडतो. थंडीत खिडक्या महिनोन्‌महिने बंद. घरातली लहान मुलं, दम्याचा त्रास असलेली माणसं, सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा हे सगळे तीच ती हवा पुन्हा पुन्हा श्वासात घेतात, आणि तिच्या वाटेवर बहुतेक घरांत गाळणी ही एकच.

दुकानात गेलं की एक अख्खी रांग फिल्टरांची. प्रत्येकावर वेगळा आकडा, जितका मोठा आकडा तितकी मोठी किंमत. बहुतेक लोक सगळ्यात महागडा उचलतात आणि आपण घरच्यांसाठी योग्य ते केलं असं समजतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. हवा गाळायची तर ती आधी फिल्टरमधून नीट वाहिली पाहिजे. म्हणून पुढे सगळं त्याच क्रमाने सांगते.

तुमच्या घरात अशी यंत्रणा आहे का

भिंतीत, छतात किंवा जमिनीवर जाळ्या असतील आणि त्यांतून हवेचा झोत येत असेल तर तुमच्याकडे डक्टवाली, म्हणजे मोठ्या पाइपांतून हवा फिरवणारी यंत्रणा आहे. थंड प्रदेशात तिच्या पोटात गॅसचा फर्नेस, म्हणजे हवा तापवणारी भट्टी असते, दक्षिणेकडच्या अनेक घरांत हीट पंप (थंडीत उलटा चालून घर तापवणारा एसी) आणि एअर हँडलर (त्याचं घरातलं पंख्याचं खोकं). न्यूयॉर्क किंवा बॉस्टनच्या जुन्या इमारतींत भिंतीलगत लोखंडी रेडिएटर असतात, काही ठिकाणी विजेचे बेसबोर्ड हीटर. त्यांत हवा फिरवणारा पंखाच नसतो, त्यामुळे फिल्टरही नसतो. अशा घरांसाठी हा लेख बराचसा निरुपयोगी आहे, तुम्ही खाली धुराच्या भागात खोलीच्या एअर प्युरिफायरबद्दल लिहिलंय तिथे जा. मिनी स्प्लिट असेल तर त्यात आपल्याकडच्या एसीसारखी धुवायची जाळीच असते. ती मशीनचं रक्षण करते, बारीक कणांना अडवत नाही.

फिल्टर शोधा

हवा आत ओढणाऱ्या जाळीला रिटर्न म्हणतात. ती इतर जाळ्यांपेक्षा मोठी असते. जवळ टिश्यू पेपर धरला आणि तो जाळीला चिकटला, तर तीच रिटर्न. काही घरांत या जाळीला बिजागऱ्या असतात आणि ती उघडली की मागेच फिल्टर सापडतो. टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडाकडे हे फार दिसतं. न्यू जर्सी, ओहायो, मिशिगनच्या घरांत फिल्टर बहुधा बेसमेंटमधल्या फर्नेसला जिथे मोठा रिटर्न डक्ट मिळतो तिथल्या फटीत असतो. कधी तो फर्नेसच्या दाराआड, पंख्याच्या खालीच बसवलेला असतो.

दोन मजली घरात दोन स्वतंत्र यंत्रणा असू शकतात, एक बेसमेंटमध्ये आणि एक माळ्यावर. घरात थर्मोस्टॅट दोन दिसले की दुसऱ्या फिल्टरचा शोध घ्या. माळ्यावरचा फिल्टर विसरला जातो, कारण तिथे शिडी लावून जावं लागतं आणि उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नाही.

काही घरांत रिटर्नच्या जाळीमागे एक आणि फर्नेसपाशी दुसरा, असे एकाच वाटेवर दोन फिल्टर लावलेले सापडतात. आधीच्या मालकाला वाटलं असेल की दुप्पट गाळलं जाईल. प्रत्यक्षात पंख्यापुढचा अडथळा वाढतो. त्यातला एकच ठेवा, शक्यतो मोठा.

माप घ्या

जुन्या फिल्टरच्या कडेवर १६×२५×१ किंवा २०×२०×१ असं काही छापलेलं असतं. ही इंचातली लांबी, रुंदी आणि जाडी. हे नाममात्र माप असतं, खरी वस्तू थोडी लहान असते. १६×२५×१ चा फिल्टर मोजलात तर साधारण १५.७५, २४.७५ आणि ०.७५ इंच असा भरेल. खरं माप बारीक अक्षरात शेजारीच दिलेलं असतं. एक इंचाच्या फिल्टरांत हा फरक फारसा नडत नाही, पण चार आणि पाच इंचांच्या फिल्टरांत नडतो. एका कंपनीचा चार इंची फिल्टर दुसऱ्या कंपनीच्या खोक्यात सैल बसतो किंवा बसतच नाही. जाड फिल्टर असेल तर त्या खोक्याचा मॉडेल नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

आधीच्या मालकाने लावलेला फिल्टर बरोबर मापाचा असेलच असं धरून चालू नका. फट स्वतः टेपने मोजा. फिल्टरच्या बाजूने बोटभर जागा उरत असेल तर हवा तिथूनच जाणार, कारण हवा सोपी वाट धरते. मग वर लिहिलेला आकडा कितीही मोठा असो.

आकडा काय सांगतो

फिल्टरवरच्या आकड्याला मर्व्ह म्हणतात. अमेरिकेतल्या ॲशरे या अभियंत्यांच्या संघटनेच्या ५२.२ क्रमांकाच्या मानकानुसार ही परीक्षा होते. कण तीन गटांत मोजले जातात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग): ०.३ ते १ मायक्रॉन, १ ते ३ मायक्रॉन, आणि ३ ते १० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा.

मर्व्ह ८ चा फिल्टर ३ ते १० मायक्रॉनचे किमान ७० टक्के कण अडवतो, सगळ्यात बारीक गटाबद्दल मात्र तो काहीच हमी देत नाही. मर्व्ह ११ ला त्या बारीक गटातले किमान २० टक्के अडवावे लागतात आणि मधल्या गटातले ६५ टक्के. मर्व्ह १३ ला बारीक गटातले किमान ५० टक्के, मधले ८५ टक्के आणि मोठे ९० टक्के. निम्मेच कण अडतात हे ऐकून कमी वाटेल, पण ते एका फेरीचं मोजमाप आहे. तीच हवा दिवसभरात अनेकदा फिल्टरमधून जाते.

आता आपला त्रास कुठला, ते बघा. झाडांचे परागकण बहुतेक १० मायक्रॉनपेक्षा मोठे असतात. अटलांटाला वसंतात गाड्यांवर पिवळा थर बसतो ते पाइनचे पराग, ऑस्टिनला डिसेंबर ते फेब्रुवारीत लोकांचे डोळे लाल होतात ते तिथल्या सीडरचे. यांना मर्व्ह ८ सुद्धा बऱ्यापैकी अडवतो. गालिच्यातली धूळ, कपड्यांचे तंतू यांनाही. मांजर-कुत्र्यांच्या कोंड्याचे लहान कण, बुरशीचे बीजाणू यांसाठी मर्व्ह ११ बरा. वणव्याचा धूर, गाड्यांचा धूर, फोडणीचा आणि उदबत्तीचा धूर, खोकल्यातून उडणारे बारीक तुषार, हे सगळं एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. त्यासाठी मर्व्ह १३ च हवा. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, घरांसाठी मर्व्ह १३ किंवा यंत्रणेला झेपेल तितका वरचा फिल्टर लावायला सांगते. ‘झेपेल तितका’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढचा भाग त्यांवरच आहे.

दुकानांनी आणि कंपन्यांनी स्वतःचे आकडे काढून गोंधळ वाढवला आहे. होम डेपोत एफपीआर दिसतो, तो ४ ते १० पर्यंत. थ्रीएमच्या फिल्टरांवर एमपीआर असतो, तो शेकड्या-हजारांत. एमपीआर १००० म्हणजे मर्व्ह ११, १९०० म्हणजे मर्व्ह १३. एफपीआर १० साधारण मर्व्ह १३ च्या जवळ जातो. पाकिटाच्या कोपऱ्यात मर्व्ह बहुधा लिहिलेला असतो, तेवढाच वाचा. कुठेच लिहिला नसेल तर ते पाकीट परत ठेवा.

हेपा हा शब्दही कानावर येईल. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण तो इतका दाट असतो की घरातल्या साध्या फर्नेसचा पंखा त्यातून पुरेशी हवा ओढूच शकत नाही. तो खोलीतल्या प्युरिफायरमध्ये शोभतो. एक इंची पातळ फिल्टरवर ‘हेपासारखा’ असं लिहिलं असेल तर त्या शब्दाला काही अर्थ नाही.

हवेची वाट मोजा

आता खरा मुद्दा. एसीची गार करण्याची ताकद टनांत मोजतात, आणि प्रत्येक टनामागे पंख्याने मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा फिरवायची असते. तुमचा एसी किती टनांचा हे घराबाहेरच्या युनिटच्या पाटीवर कळतं. मॉडेल नंबरात ०२४, ०३६, ०४८ किंवा ०६० असे आकडे शोधा. ते हजार बीटीयूंत (उष्णता मोजायचं एकक, इथे दर तासाला) असतात, आणि १२ हजार बीटीयू म्हणजे एक टन. ०३६ असेल तर तीन टन, म्हणजे मिनिटाला सुमारे १,२०० घनफूट हवा.

ही सगळी हवा फिल्टरच्या चौकटीतून जायची आहे. १६×२५ ची चौकट म्हणजे ४०० चौरस इंच, पावणेतीन चौरस फुटांपेक्षा थोडी जास्त. १,२०० ला त्याने भागलं की हवेचा वेग येतो मिनिटाला सुमारे ४३० फूट. २०×२५ असेल तर ३४५ च्या आसपास. एक इंची फिल्टरसाठी हा वेग ३०० च्या खाली असला तर चांगलं. कॅलिफोर्नियाच्या ऊर्जाविषयक बांधकाम नियमांत २०२० पासून नव्या घरांना मर्व्ह १३ सक्तीचा झाला, तेव्हा त्यांनी सोबत अटही घातली की फिल्टर किमान दोन इंच जाड असावा. एक इंची वापरायचा तर चौकट इतकी मोठी हवी की वेग १५० फुटांवर जाणार नाही. तीन टनांसाठी याचा अर्थ आठ चौरस फूट, म्हणजे २०×३० च्या दोन जाळ्या! जुन्या घरांत एवढी जागा क्वचितच असते. त्या १६×२५ च्या फटीत एक इंची मर्व्ह १३ कोंबला की काय होतं ते पुढे बघा.

उन्हाळ्यात गार कॉइलवरून (एसीच्या आतली हवा गार करणारी नळ्यांची चौकट) पुरेशी हवा गेली नाही तर कॉइल अतिथंड होते आणि तिच्यावर बर्फ धरतो. मग हवा आणखी अडते, घर गार होत नाही, बर्फ वितळला की पाणी छतातून किंवा बेसमेंटच्या जमिनीवर. हिवाळ्यात याच्या उलट होतं. फर्नेसमधली उष्णता बाहेर नेणारी हवा कमी पडते, आतलं तापमान वाढतं, सुरक्षेचा स्विच ज्योत बंद करतो, थोड्या वेळाने परत चालू करतो, पुन्हा बंद. घर गरम होत नाही आणि आतले भाग तापून-निवून लवकर खराब होतात.

पंख्याच्या मोटरवरही बरंच अवलंबून आहे. जुन्या प्रकारच्या मोटरला अडथळा आला की ती निमूटपणे कमी हवा देते. नव्या इलेक्ट्रॉनिक मोटर जोर वाढवून हवा कायम राखायचा प्रयत्न करतात, पण त्यासाठी जास्त वीज खातात आणि आवाज करतात. जुलै २०१९ पासून फर्नेसच्या पंख्यांसाठी अमेरिकेत कार्यक्षमतेचे कडक नियम लागू झाले, त्यामुळे त्यानंतर बनलेल्या बहुतेक फर्नेसमध्ये नवी मोटर सापडेल.

उपकरणं नसतानाही काही खुणा कळतात. नवा फिल्टर लावल्यावर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, फिल्टर पंख्याच्या दिशेने धनुष्यासारखा वाकला, यंत्र ज्या कपाटात आहे त्याचं दार उघडायला जोर लागू लागला, सगळ्यात लांबच्या खोलीत झोत मंदावला, एसीच्या तांब्याच्या जाड नळीवर बर्फ दिसला, तर फिल्टर झेपत नाहीये. ताबडतोब एक पायरी खाली या. चांगला मर्व्ह ८, ज्यातून हवा मोकळी जाते, तो गुदमरलेल्या मर्व्ह १३ पेक्षा घराला जास्त उपयोगी पडतो.

जाडी वाढवा

मर्व्ह १३ हवाच असेल, आणि मला वाटतं लहान मुलं किंवा दम्याचे रुग्ण असलेल्या घरात तो हवाच, तर उपाय जाडीत आहे. फिल्टरचा कागद घड्या घालून बसवलेला असतो. चार-पाच इंची फिल्टरमध्ये घड्या खोल असतात, त्यामुळे तेवढ्याच चौकटीत कितीतरी पट जास्त कागद मावतो. हवा त्यावर पसरते, सावकाश जाते, अडथळा कमी होतो. एकाच कंपनीचा चार इंची मर्व्ह १३ बहुधा एक इंची मर्व्ह ११ पेक्षाही मोकळा वाहतो. धूळही जास्त साठवतो, म्हणून सहा महिने ते वर्षभर टिकतो.

यासाठी फर्नेस आणि रिटर्न डक्टच्या मध्ये पत्र्याचं रुंद खोकं बसवून घ्यावं लागतं. हे टेक्निशियनचं काम आहे, पत्रा कापावा लागतो. खर्च काहीशे डॉलर येतो. फर्नेस बदलायची वेळ आली असेल तर त्याच कामात हे करून घ्या, वेगळी मजुरी वाचते. हे खोकं मला कुठल्याही चकचकीत उपकरणापेक्षा मोलाचं वाटतं.

रिटर्न जाळीमागेच फिल्टर असलेल्या घरांत आणखी एक मार्ग असतो: दुसरी रिटर्न जाळी काढून घेणं. हवेला दोन वाटा मिळतात. तेही जमत नसेल तर एक इंची मर्व्ह ११ लावा, वेळेवर बदला, आणि झोपायच्या खोलीत वेगळा प्युरिफायर ठेवा. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये बहुधा हाच मार्ग उरतो. तिथे फिल्टर बदलायची जबाबदारी कोणाची हे भाडेकरारात वाचा. व्यवस्थापन पातळ काचतंतूचा फिल्टर लावून जातं, ज्यातून आरपार दिसतं. तो मर्व्ह ४ च्या वर नसतो, मशीनमध्ये मोठा कचरा जाऊ नये एवढाच त्याचा हेतू. परवानगी घेऊन स्वतःच्या पैशाने घडीचा मर्व्ह ८ किंवा ११ लावला तरी मोठा फरक पडतो.

लावताना

थर्मोस्टॅटवरून यंत्रणा बंद करा. फिल्टरच्या कडेवर बाण असतो, तो हवा ज्या दिशेने जाते तिकडे, म्हणजे पंख्याकडे हवा. भिंतीतल्या जाळीमागे लावत असाल तर बाण भिंतीच्या आत. जुना फिल्टर काढताना सरळ कचऱ्याच्या पिशवीत घाला, झटकू नका. तारीख मार्करने नव्या फिल्टरवरच लिहा.

फर्नेसपाशी फिल्टरच्या फटीला झाकण नसेल तर ती उघडी फट बेसमेंटची धूळ सरळ आत ओढते. चुंबकाची पट्टी मिळते, ती लावा. रिटर्न डक्टच्या सांध्यांना हात लावून बघा, हवा आत ओढली जात असल्याचं जाणवलं तर अॅल्युमिनियमच्या टेपने किंवा मॅस्टिकने (सांधे बुजवायचा लेप) बंद करा. कापडी टेप काही वर्षांत सुटते. माळ्यावरचा रिटर्न डक्ट फिल्टरच्या पुढे गळत असेल तर माळ्यावरची धूळ आणि इन्सुलेशनचे तंतू गाळलेच न जाता घरात येतात. फिल्टर स्वच्छ दिसतो आणि घरात धूळ थांबत नाही अशी तक्रार असेल तर पहिला संशय याच गळतीवर घ्या.

पंखा किती वेळ चालतो

पंखा बंद असला की फिल्टर नुसता बसून असतो. थर्मोस्टॅट ‘ऑटो’वर असला तर पंखा तापवताना किंवा गार करतानाच फिरतो. एप्रिलच्या सुखद हवेत तो दिवसभरात जेमतेम चालेल, आणि नेमके तेच परागांचे दिवस. अशा वेळी ‘ऑन’ किंवा ‘सर्क्युलेट’ निवडा. ‘सर्क्युलेट’मध्ये पंखा दर तासाला काही मिनिटं आपोआप फिरतो.

ह्यूस्टन, टँपासारख्या दमट गावी उन्हाळ्यात मात्र ‘ऑन’ ठेवू नका. एसीने कॉइलवर काढलेलं पाणी वाहून जायच्या आत पंखा ते पुन्हा हवेत मिसळतो आणि घरातला दमटपणा वाढतो. जुन्या मोटरचा पंखा सतत चालला तर ४००-५०० वॅट खातो, तेही बिलात दिसेल.

कधी बदलायचा

एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत, जाड फिल्टर सहा ते बारा महिन्यांत. पण पहिल्या वर्षी महिन्यातून एकदा काढून बघाच, तुमच्या घराचा वेग तुम्हालाच कळेल. पाळीव प्राणी, गालिचे, जास्त माणसं, घरात चाललेलं काम यांनी तो लवकर भरतो. थर्मोस्टॅटवर येणारी ‘फिल्टर बदला’ ही सूचना बहुतेक वेळा पंख्याचे तास मोजून येते, फिल्टर किती भरलाय ते तिला ठाऊक नसतं. एकदाच वापरायचा फिल्टर धुऊ नका किंवा व्हॅक्यूम करू नका, तंतू फाटतात आणि त्यांच्यावरचा विद्युतभार जातो. ड्रायवॉल (जिप्समच्या फळ्यांच्या भिंती) घासण्याचं काम चालू असेल तर यंत्रणा बंदच ठेवा आणि काम संपल्यावर फिल्टर बदला.

कॅनडातल्या आणि थंड राज्यांतल्या नव्या घरांत बाहेरची ताजी हवा आत घेणारा एचआरव्ही असतो. त्याचा फिल्टर वेगळा, तोही काढून साफ करावा लागतो.

वणव्याच्या धुराचे दिवस

सप्टेंबर २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं आभाळ भरदिवसा नारिंगी झालं, जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांनी न्यूयॉर्क-न्यू जर्सीची तीच गत केली. धूर आला की दुकानांतले मर्व्ह १३ संपतात. म्हणून उन्हाळ्याआधीच आपल्या मापाचे दोन आणून ठेवा. एरवी मर्व्ह ८ किंवा ११ वापरणाऱ्यांनीही, वर सांगितलेल्या खुणा दिसत नसतील तर, तेवढे दिवस १३ लावायला हरकत नाही. खिडक्या बंद, पंखा ‘ऑन’, बाहेरची हवा घेणारी झडप असेल तर ती बंद. फिल्टर आठवड्यातच काळा पडू शकतो.

खोलीतल्या प्युरिफायरची ताकद सीएडीआर या आकड्यात, म्हणजे मिनिटाला किती घनफूट स्वच्छ हवा मिळते यात, मोजतात. खोलीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत काढा, सीएडीआर किमान त्याच्या दोनतृतीयांश हवा, धुरासाठी क्षेत्रफळाइतकाच. १२×१५ ची खोली म्हणजे १८० चौरस फूट. एरवी १२० पुरे, धुरात १८०. बजेट कमी असेल तर कोर्सी-रोझेनथाल बॉक्स बनवा. रिचर्ड कोर्सी हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि जिम रोझेनथाल हे फिल्टर बनवणारे उद्योजक, यांनी २०२० मध्ये ही रचना पुढे आणली. २० इंची बॉक्स फॅन आणि २०×२० चे चार-पाच मर्व्ह १३ फिल्टर टेपने खोक्यासारखे जोडायचे, पंखा वर. फिल्टरांवरचे बाण आतल्या दिशेने. पंखा २०१२ नंतरचा घ्या, त्याच्या प्लगमध्ये फ्यूज असतो.

जे घेऊ नये, आणि जे फिल्टरला जमत नाही

ओझोन सोडणारं कुठलंही उपकरण घरात आणू नका. ओझोन फुप्फुसांना इजा करतो. आयन सोडणारी किंवा विजेवर कण पकडणारी उपकरणंही थोडा ओझोन करू शकतात. कॅलिफोर्नियात अशा उपकरणांना ओझोनची ०.०५ पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांतले भाग) मर्यादा आहे, त्या राज्याचं प्रमाणपत्र नसलेलं यंत्र दुसऱ्या राज्यातही नकोच. डक्टमधला यूव्ही दिवा ओल्या कॉइलवरची बुरशी रोखतो, धुळीला त्याचा काही उपयोग नाही. सेल्समनने हा दिवा दम्याच्या नावाखाली विकायला घेतला तर नम्रपणे नाही म्हणा.

फिल्टर कण पकडतो, वायू नाही. हिंगाचा, तळलेल्या बोंबलांचा वास, रंगाचा वास त्यातून जातो. पातळ फिल्टरला लावलेला कोळशाचा थर फार थोडा असतो आणि लवकर संपतो. कार्बन मोनॉक्साइड आणि रेडॉन (जमिनीतून घरात झिरपणारा किरणोत्सर्गी वायू) यांवर तर फिल्टर म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एकासाठी अलार्म हवा, दुसऱ्यासाठी चाचणी.

आपल्या स्वयंपाकघराचा विचार वेगळा करावाच लागतो. मिरचीची फोडणी, तळण, भाकरीचा तवा यांतून अतिशय बारीक कण मोठ्या संख्येने निघतात. ओट्यावरच्या अनेक मायक्रोवेव्हचे पंखे ती हवा बाहेर न टाकता जाळीतून परत स्वयंपाकघरातच सोडतात. पंखा लावा आणि मायक्रोवेव्हच्या वरच्या कडेशी हात धरा. तिथे झोत लागला तर हवा घरातच फिरतेय. बाहेर टाकणारा हूड बसवता आला तर तो आधी बसवा, महागडा फिल्टर नंतर. तोवर मागच्या बर्नरवर फोडणी करा आणि खिडकी किंचित उघडा. देवापुढची उदबत्ती आणि धूपही धूरच. गणपतीत, दिवाळीत बंद घरात तासन्‌तास धूप असेल तर तेवढा वेळ पंखा ‘ऑन’ ठेवा, समई किंवा निरांजनावर भागत असेल तर अधिक बरं.

टेक्निशियनला काय विचारायचं

वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला माणूस येतो, तेव्हा त्याला स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवा ढकलताना पंख्याला सोसावा लागणारा दाब, मोजायला सांगा. बहुतेक फर्नेस एकूण ०.५ इंच वॉटर कॉलमसाठी (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला दाब) बनवलेले असतात, नेमकी मर्यादा मशीनच्या पाटीवर असते. फिल्टर लावलेला असताना एकूण दाब किती, आणि एकट्या फिल्टरपाशी किती पडतो, हे दोन आकडे लिहून घ्या. फिल्टरचा वाटा ०.१ च्या आसपास असेल तर उत्तम. ०.२५ च्या वर गेला तर एकतर फिल्टर भरलाय किंवा जागा अपुरी आहे. मग विचारा की चार इंची खोक्याला जागा आहे का आणि लेखी अंदाज किती. मोजमाप न करता ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारा भेटला तर दुसरा टेक्निशियन बोलवा. मोजायला मॅनोमीटर नावाचं छोटं यंत्र लागतं, आणि ज्याच्या गाडीत ते असतं तो आनंदाने आकडे दाखवतो.